कड्यावरचा शब्द

नक्षीकाराला बोलणं जमत नसे. दुपारच्या तिरप्या उन्हात चांदीचा भुगा तरंगत असताना तो लोकांचे प्रेमाचे शब्द अंगठ्यांवर, पेनांवर कोरत बसे. बायकोला मात्र पंचवीस वर्षांत त्यानं त्यातला एकही ऐकवला नव्हता. एकदा एका बाईंनी नवऱ्याच्या पेनवर कोरायला एक हिब्रू शब्द लिहून आणला. जुन्या धर्मग्रंथातला आहे, 'दोदी', म्हणजे माझं जिवलग माणूस, असं त्या म्हणाल्या. नक्षीकार हरखला. घरात कुणालाच वाचता येणार नाही असा शब्द त्याला हवाच होता. त्यानं तो चांदीच्या कड्यावर कोरला, सकाळी कडं बायकोच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि काही न बोलता दुकानाकडे पळाला.

बायको ग्रंथपाल होती. तिनं ते वाचनालयात रोज येणाऱ्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून अक्षरं लावली आणि सांगितलं, "माझे काका."

तिला सगळा उलगडा झाला. नवऱ्याला लहानाचं मोठं केलं होतं ते काकांनीच, आणि ते घरातच राहत. त्यांना स्वतः द्यायचाही याला संकोच, म्हणून आपल्यापुढे ठेवून गेला. घरी येताच तिनं कडं काकांच्या मनगटात चढवलं.

नक्षीकार परतला तेव्हा काका खिडकीपाशी, मावळत्या उजेडात मनगट फिरवून बघत होते.

"तू कधी बोलला नाहीस रे," ते म्हणाले, "पण मला ठाऊक होतं."

त्यांचे डोळे भरून आले. नक्षीकारानं नुसती मान डोलावली. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त कडं त्यांचं नव्हतं.

अक्षरं वाचनालयातल्या प्राध्यापकांनी लावली, हे काकांकडून कळताच तो तडक तिकडे गेला. प्राध्यापक निघायच्या तयारीत होते. त्यांनी शांतपणे खुलासा केला: त्या भाषेत काका आणि प्रियकर यांना शब्द एकच, पण तो बाईनं पुरुषाला म्हणायचा. म्हणजे कडं बायकोच्या हातात गेलं असतं, तर ती त्याचा काका झाली असती, नाहीतर प्रियकर.

घरी परतून स्वयंपाकघरात त्यानं बायकोला अडखळत सगळं सांगितलं. बायको बराच वेळ एकच बशी पुसत राहिली.

"काकांच्या हातातलं आता काढायचं नाही," ती म्हणाली. "पण मग बायकोला काय म्हणतात तिकडे?"

"ते विचारायचं राहिलं."

"मग आपल्याच भाषेत सांगा."

भिंतीकडे बघत तो काहीतरी पुटपुटला. तिला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. तरीही नाही. तिसऱ्यांदा तो चांगलाच मोठ्यानं बोलला, तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळून काका म्हणाले, "अरे, मला इथं पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."