ठोकोबांची हरणी

एका जंगलात, मुलांनो, एक टांकसाळ होती. जंगलाला टांकसाळ कशाला लागते, असं विचारू नका. राजा आला की टांकसाळ येतेच. नाहीतर त्याचं तोंड छापणार कशावर?

फार वर्षांपूर्वी त्या टांकसाळीत ठोकोबा नावाचा एक सुतारपक्षी ठसे कोरायचं काम करायचा. त्या काळचे सिंहमहाराज त्याला म्हणाले, "ठोकोबा, चांदीच्या नाण्यावर आमचा चेहरा कोर."

ठोकोबा म्हणाला, "कोरतो की. पण महाराज, नाणं हातोहात फिरणार. दहा वर्षांत आयाळ झिजेल. आयाळ झिजलेला सिंह कसा दिसतो, ठाऊक आहे ना?"

"कसा दिसतो?"

"मांजरासारखा."

महाराजांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "तुला हवं ते कोर."

ठोकोबाने एक हरणी कोरली. धावता धावता मान मागे वळवून पाहणारी. तिचा डावा कान त्याने इतका उंच ठेवला की नाणं हातात घेतलं की तो बोटाला टोचायचा. अर्ध्या किमतीच्या नाण्यावर त्याने कासव कोरलं, पाठ चांगली फुगलेली. त्याचं कारण साधं होतं. ठोकोबाची आई म्हातारपणी आंधळी झाली होती आणि बाजारात तिला जो तो पूर्ण नाण्याच्या जागी अर्धं द्यायचा. ही नाणी आली त्या दिवसापासून तिला कुणी फसवू शकलं नाही. लोक त्या नाण्याला हरणी म्हणू लागले. "चिंचोके कसे दिले?" "हरणीला दोन मापं." असा बाजार चालायचा.

ठोकोबा गेला. त्याची आई तर त्याच्या आधीच गेली होती. हरणी मात्र फिरत राहिली.

आता आपल्या गोष्टीतल्या चिमाक्काकडे येऊ. चिमाक्का म्हणजे एक म्हातारी चिचुंद्री. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. वडाखाली बसून ती भाजलेले चिंचोके विकायची. गिऱ्हाईक नाणं द्यायचं, चिमाक्का अंगठा फिरवायची. कान टोचला की दोन मापं, पाठ लागली की एक माप. तीस वर्षांत तिची एकदाही चूक झाली नाही. शेजारी साळूबाई साळिंदर कंदमुळं विकायची. तिला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसायचं, तरी तिचे हिशेब रोज चुकायचे.

एके वर्षी टांकसाळीवर नवे प्रमुख आले. बगळेसाहेब. पांढरेशुभ्र. एका पायावर उभं राहून विचार करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. जुनी कागदपत्रं चाळताना त्यांना ठोकोबांचं नाव सापडलं. साहेबांचे डोळे भरून आले.

"एवढा थोर कलावंत," ते म्हणाले, "आणि त्यांची कला माकडांच्या हातात? चिंचोक्यांच्या धंद्यात?"

साहेबांनी ठरवलं, ठोकोबांच्या सन्मानार्थ चांदीचं खास नाणं काढायचं. साधं नाही, प्रूफ नाणं. प्रूफ म्हणजे काय ते ऐका. ठसा आरशासारखा घासायचा. नाण्यावर तो दोनदा मारायचा. हरणीमागचा सपाट भाग चकचकीत, हरणी दुधासारखी पांढरी. मग ते नाणं पारदर्शक डबीत बंद करायचं, डबी मखमलीच्या पेटीत ठेवायची आणि सोबत सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र द्यायचं. त्या नाण्याला कुणीही, कधीही हात लावायचा नाही. हात लागला की डाग पडतो. डाग पडला की ते प्रूफ राहत नाही, नुसतं नाणं होतं.

योजना सुरेख होती. फक्त चांदी नव्हती.

साहेब एका पायावर उभे राहिले. मग त्यांना आठवलं, जंगलात चांदी भरपूर आहे. सगळ्या हरण्या चांदीच्याच आहेत, कासवंही.

दवंडी पिटली गेली. थोर ठोकोबांच्या सन्मानासाठी ठोकोबांनी घडवलेली सर्व नाणी टांकसाळीत जमा करावीत. ती वितळवण्यात येतील. बदल्यात वडाच्या पानावर छापलेल्या नोटा मिळतील. हिरवी नोट पूर्ण, पिवळी नोट अर्धी.

महिन्याभरात जंगलात एकही हरणी उरली नाही.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी एका माकडाने चिमाक्काकडून दोन मापं चिंचोके घेतले आणि हातात पान ठेवलं. चिमाक्काने अंगठा फिरवला. गुळगुळीत. उलटं करून फिरवला. तिथेही गुळगुळीत.

"साळू, ही हिरवी आहे का गं?"

साळूबाईने वाकून पाहिलं. "हिरवी आहे अक्का. पण नोट नाही. नुसतं पान आहे."

माकड तोवर वडाच्या शेंड्यावर पोहोचलं होतं.

संध्याकाळपर्यंत चिमाक्काच्या टोपलीत सतरा पानं जमली. त्यातल्या चार नोटा होत्या. तिने टोपली पालथी घातली. मग म्हणाली, "तीस वर्षांत मला कुणी आंधळी म्हटलं नव्हतं. आज मलाच तसं वाटलं."

दुसऱ्या दिवशी साळूबाई तिला घेऊन टांकसाळीत गेली. बगळेसाहेबांनी दोघींना आदराने बसवलं.

"साहेब," चिमाक्का म्हणाली, "मला जुन्या हरण्या परत द्या. फार नकोत. आमच्या बाजारापुरत्या."

"आजी, तुम्ही ठोकोबांच्या चाहत्या दिसता."

"मी चिंचोके विकते."

"तेच ते! सामान्यांचं प्रेम!" साहेब गहिवरले. "परवा प्रकाशन समारंभ आहे. खुद्द महाराज येणार आहेत. पहिल्या नाण्याची मानाची प्रत आम्ही तुमच्या हस्ते स्वीकारू. म्हणजे, तुम्हाला देऊ."

"ते बाजारात चालेल?"

"आजी, ते अमूल्य आहे. ते कुठेच चालत नाही."

समारंभाला अख्खं जंगल लोटलं. पुढच्या रांगेत खवलेशेठ बसले होते. हे खवले मांजर जंगलातले सर्वांत मोठे संग्राहक. काही मौल्यवान मिळालं की ते त्याच्याभोवती स्वतःला गुंडाळून घ्यायचे आणि आठवडाभर उलगडायचे नाहीत. बगळेसाहेबांनी पाऊण तास भाषण केलं. ठोकोबांची रेषा, ठोकोबांचा अवकाश, ठोकोबांची ती मागे वळून पाहणारी हरणी. मग पेटी चिमाक्काच्या हातात आली.

चिमाक्काने पेटी उघडली. मखमल चाचपली. डबी सापडली. डबीची कड सापडली. आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत तिने डबी उघडून नाण्यावर अंगठा ठेवला.

सभा गोठली. एक खारूताई किंचाळली. बगळेसाहेबांचा दुसरा पायही जमिनीला टेकला.

चिमाक्का मात्र अंगठा फिरवतच होती. पुन्हा पुन्हा, त्याच जागी. "साहेब, हिचा कान कुठंय?"

"कान आहे आजी. दिसतोय सगळ्यांना."

"लागत नाही."

"तो थोडा खाली घेतलाय," साहेब कसेबसे म्हणाले. "डबीच्या झाकणाला टेकत होता."

"मग झाकण उंच करायचं," चिमाक्का म्हणाली. "त्यांनी आईसाठी ठेवला होता तो कान."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण सभा शांत होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. सिंहमहाराजांनी मान खाली घातली. ते विचार करतायत असं लोकांना वाटलं. त्यांना डुलकी लागली होती.

बगळेसाहेबांनी नाणं चिमटीने काढून घेतलं. मानाची प्रत फक्त फोटोपुरती होती, असं त्यांनी जाहीर केलं. नाणं तर खराब झालंच होतं. ते वितळवायला पाठवणार, इतक्यात खवलेशेठ उठले.

"थांबा! हजार नाण्यांत अंगठा लागलेलं हे एकच आहे. जगात दुसरं नाही. मी दहापट देतो."

साहेब एका पायावर आले. आठवड्याभरात घोषणा झाली: ठोकोबा नाणे, स्पर्शांकित आवृत्ती, फक्त पाचशे नग. प्रत्येकावर अंध वृद्धेचा अस्सल अंगठा.

साहेब स्वतः वडाखाली आले. "आजी, पाचशे नाण्यांवर अंगठा ठेवायचा. एका दिवसाचं काम. फक्त एक लिहून द्यायचं, की यापुढे दुसऱ्या कुठल्याही नाण्याला तुम्ही हात लावणार नाही. नाहीतर आवृत्तीची किंमत पडेल."

"कान वर करणार?"

"तो प्रस्ताव समितीकडे आहे."

"मग माझा अंगठाही समितीकडे पाठवा," चिमाक्का म्हणाली आणि चिंचोके पाखडू लागली.

साहेबांनी आपल्या मेव्हण्याला डोळे मिटायला सांगून अंगठे उमटवायला बसवलं. पाचशे नाणी तीन तासांत खपली.

इकडे साळूबाई त्या दिवशी नुसती बसून होती. तिने पाठीवरचा एक काटा उपटला, चिमाक्काच्या टोपलीतली हिरवी नोट घेतली आणि कोपऱ्यात दोन भोकं पाडली. पिवळी घेतली, एक भोक पाडलं.

"बघ अक्का, लागतंय का?"

चिमाक्काने अंगठा फिरवला. एकदा दोन, एकदा एक. "लागतंय गं," ती म्हणाली. तिने आणखी एक नोट मागितली, आणखी एक, आणि ओळखता येतायत म्हणून उगाचच सगळ्या ओळखत बसली.

पुढच्या बाजारी साळूबाईसमोर नोटा घेऊन रांग लागली. नोट खरी आहे हे पाहूनच ती भोकं पाडायची. फक्त आंधळेच नव्हते. म्हातारे होते, घाईतले होते, रंग न कळणारी वटवाघळं होती. भोकं नसलेलं पान आता चिमाक्का घेईना. माकडांनी धंदा बदलला.

टांकसाळीला हे कळलं. राजमुद्रेची विटंबना केल्याबद्दल साळूबाईवर खटला झाला. शिक्षा म्हणून तिचे सगळे काटे कापण्यात आले. ती उघड्या पाठीने बाजारात आली तेव्हा चिमाक्काने आपल्या अंगावरचं फडकं तिच्या पाठीवर टाकलं. दोघी शेजारी शेजारी बसल्या. थोड्या वेळाने एक ससा नोट घेऊन आला आणि अवघडून उभा राहिला. साळूबाईने त्याला समोरची बाभूळ दाखवली.

आता जंगलात सगळे साळूबाईला नोट दाखवून बाभळीच्या काट्याने भोकं पाडतात. बाभळीवर खटला भरता येईल का, याचा बगळेसाहेब एका पायावर अभ्यास करत आहेत.

तात्पर्य: मुलांनो, थोर कलावंतांचा मान राखायला शिका. त्यांच्या कलेला हात लावू नका, ती डबीतूनच पाहा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांनी सोबतचं प्रमाणपत्र वाचावं. ते फार सुंदर, गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं.