टाचणीच्या डोक्याएवढी फट

दातांच्या डॉक्टरांनी नव्या पँटच्या खिशात हात घातला, तो आत जाईना. दुसऱ्या खिशात घालून पाहिला, तोही जाईना. दवाखान्याची किल्ली हातात धरून ते टेलरकाकांच्या दुकानात उभे होते. स्वतःच्याच घराने दारातून परत पाठवावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काका, हे खिसे खरे आहेत की नुसते शोभेचे?"

टेलरकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, वाकून पाहिलं. दोन्ही खिशांच्या तोंडावर त्यांनी स्वतःच्या हाताने बारीक, सुबक टीप मारून ठेवली होती.

"टीप मात्र सरळ आलीय," ते पुटपुटले.

"टीप सरळ आहे हो! पण मी रुमाल कुठे ठेवू?"

डॉक्टर तसे सुटले म्हणायचे. त्याच आठवड्यात बँकेच्या मॅनेजरसाहेबांना जो शर्ट मिळाला होता, त्याची काजं आणि बटणं एकाच बाजूला होती. साहेबांनी तो घालून बराच वेळ आरशासमोर स्वतःला मिठी मारून पाहिली म्हणे. एका बाईंच्या झग्याची डावी बाही उजवीकडे लागली होती. आयुष्यभर ज्या माणसाचा धागा कधी वाकडा गेला नाही, त्याचं असं काय बिनसलं, हे गल्लीत कुणालाच कळेना. काकांनाही कळत नव्हतं. फक्त मशीन चालवता चालवता त्यांचा पाय मध्येच थांबायचा, मान पडद्याकडे वळायची, आणि मग हातातलं काम कुठवर आलं होतं तेच आठवायचं नाही.

पडद्याच्या अलीकडे दुकान आणि पलीकडे घर, अशी त्यांची रचना होती. घरात काकू, मुलगा आणि सून. काकूंच्या पुढच्या दोन दातांत जन्मापासून फट होती. त्या फटीची त्यांना भारी लाज. घरातल्या एकूण एक फोटोत काकू तोंडावर हात धरून उभ्या आहेत, जणू फोटोग्राफरने नुकतंच काहीतरी भयंकर सांगितलंय. पण त्याच फटीतून काकू शिट्टी वाजवायच्या. भाजी चिरताना तुटक तुटक, कपड्यांच्या घड्या घालताना लांबलचक, भांडी घासताना उड्या मारत जाणारी. चाल कुठल्याही गाण्याची नसायची, रोज सकाळी नवी व्हायची आणि रात्री विसरली जायची. इकडे काकांचा पाय मशीनवर त्या शिट्टीच्या तालावर चालायचा. लांब शिट्टी आली की पँटची लांब टीप आणि तुटक आली की कॉलर. काकांना याचा पत्ताच नव्हता. ते आपले अधूनमधून पडद्याकडे तोंड करून ओरडायचे, "अगं, जरा हळू! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मग काकूंचे दात हलायला लागले, डॉक्टरांनी ते काढले आणि कवळी बसवली. कवळी इतकी देखणी होती की डॉक्टर तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून प्रत्येक पेशंटला दाखवायचे. सून तर हरखूनच गेली.

"आई, आता आपण सगळ्यांचा एक फोटो काढायचाच. स्टुडिओत जाऊन. हात खाली ठेवून!"

काकू आरशासमोर उभ्या राहून स्वतःकडे बघून हसल्या आणि लाजल्या. सगळं छान झालं होतं. फक्त वाऱ्याला बाहेर पडायला जागा उरली नव्हती.

डॉक्टर पँट ठेवून गेले आणि काका खिसे उसवायला बसले. एवढ्यात मागून शिट्टी ऐकू आली. तीच! हातातली कात्री टाकून ते पडदा बाजूला सारून आत धावले.

काकू मागच्या खिडकीशी उभ्या होत्या. शेजारी एक सिस्टर राहायच्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. त्यांचा पोपट खिडकीलगतच्या पिंजऱ्यात डुलत होता. काकूंच्या हातात हिरवी मिरची होती. पोपटाने मान वाकडी करून काकूंच्या जुन्या चालीचा एक तुकडा वाजवला, मिरचीचा एक चावा घेतला, आणि काकू हलकेच म्हणाल्या, "अजून एकदा. एकदाच वाजव रे बाबा."

काका आवाज न करता मागे सरकले. दुकानात येऊन मशीनसमोर बसले. त्यांना फार वाईट वाटलं. हिला तिची शिट्टी मिरच्या देऊन ऐकावी लागतेय! आणि आपण जन्मभर काय म्हणत आलो, तर 'अगं, जरा हळू'. आता कुठल्या तोंडाने सांगणार, की तुझ्या शिट्टीशिवाय माझा पाय चालत नाही? शिवाय इतक्या वर्षांनी तिला मनासारखे दात मिळालेत. ते काढ असं म्हणायचं?

संध्याकाळी ते उसवलेली पँट घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आधी दोन्ही खिशांत हात घालून पाहिले आणि मगच हसले.

"डॉक्टर, एक काम होतं. हिच्यासाठी आणखी एक कवळी करायची. माप आहेच तुमच्याकडे. फक्त पुढच्या दोन दातांत फट ठेवा."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले होते, ते ताठ झाले. "काका, लोक माझ्याकडे फटी बुजवायला येतात!"

"तुम्ही बुजवलीत, म्हणून तर माझ्या हातून तुमचे खिसे बुजले."

मग काकांनी सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरांना ती पटली असं नाही, पण त्यांच्या आणखी दोन पँटी काकांकडे शिवायला पडल्या होत्या. त्यांनी सुस्कारा सोडला.

"बरं. पण फट केवढी ठेवू? अंदाज?"

"अंदाज कशाला? माप देतो की." काका खुलले. "तरुणपणी ही माझ्या मदतीला बसायची, तेव्हा टाचणी दातांच्या त्या फटीत अडकवायची. टाचणीचं डोकं बरोब्बर अडायचं, पडायचं नाही." आणि त्यांनी सदऱ्याच्या कॉलरमागची टाचणी काढून मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली.

इथेच घोटाळा झाला. टाचणी आजच्या काळातली होती, डोक्यावर रंगीत मणी असलेली.

कवळी तयार होऊन आली, तेव्हा काकांनी ती डबीत घालून काकूंच्या हातात ठेवली. "राखीव म्हणून," ते म्हणाले आणि लगेच मशीनवर तेल घालू लागले. मशीनला तेलाची काहीही गरज नव्हती.

काकूंनी डबी उघडली. आत पाहिलं. "अहो, ही फट कुणी ठेवायला सांगितली?"

इथे खरं बोलायचं होतं. पण काकांनी कच खाल्ली. "फट? फट आहे का? डॉक्टरांची काहीतरी चूक झाली असेल."

"चूक?" काकूंनी झटक्यात कवळी बदलली. "मी आत्ता जाते आणि त्यांना चांगली सुनावते—"

'सुनावते' म्हणताना दातांतून अशी कडक शिट्टी निघाली की खिडकीतल्या पोपटाने पंख फडफडवून जबाब दिला. काकू दचकल्या. "हे काय झालं?" हे वाक्य नीट गेलं. "सोसायचं तरी किती माणसानं!" हे वाक्य तीनदा वाजलं. स आला की शिट्टी, श आला की त्याहून मोठी.

काकू तशाच पायात चपला सरकवून निघाल्या. रागाच्या भरात माणूस स्वतःशी बोलतो, आणि त्यांच्या रागात स फार होते. पुढे चाललेले एक मध्यमवयीन गृहस्थ केस सारखे करत मागे वळून बघायला लागले. वळणावरच्या इमारतीच्या वॉचमनने गडबडून गेट सताड उघडलं. एक कुत्रा आपल्यालाच बोलावतायत अशा समजुतीने थेट दवाखान्यापर्यंत मागे आला आणि पेशंटच्या रांगेत बसला.

"डॉक्टरसाहेब!" शिट्टी. "असं कसं केलंत?" शिट्टी, शिट्टी. खुर्चीत तोंड उघडून पडलेला पेशंट पटकन उठून बसला.

"काकू, शांत व्हा."

"शांत कशी होऊ? 'शांत' म्हटलं तरी वाजतंय!"

डॉक्टरांनी हात जोडले. "काकू, मला रागवू नका. काकांनीच सांगितलं. मापाला टाचणीसुद्धा तेच देऊन गेले." आणि त्यांनी खिशांची, मशीनची आणि थांबणाऱ्या पायाची सगळी गोष्ट काकूंना सांगून टाकली.

काकू ऐकत राहिल्या. मग बाकावर बसल्या. कुत्रा त्यांच्या पायाशी येऊन बसला. त्या म्हणाल्या, "द्या ती टाचणी इकडे."

घरी आल्या तेव्हा काका अजून मशीनला तेल घालत होते. मशीनखाली तेलाचं छोटं तळं झालं होतं.

"खोटं बोललात," काकू म्हणाल्या.

"बोललो," काका म्हणाले.

"शिट्टीचा त्रास होतो म्हणत होतात ना?"

"तेही खोटंच बोलत होतो. पण ते खोटं आहे हे मलाच माहीत नव्हतं." काकांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "तू वाजवायची थांबलीस आणि घर कसं परकं वाटायला लागलं बघ. माझा पाय चालेना. पण तुला म्हणणार तरी काय? आरशात बघून किती खूष होतीस."

काकूंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. "मला वाटलं, तुम्हाला आता कुठे शांतता मिळालीय. म्हणून मी चोरून पोपटाची शिट्टी ऐकत होते." 'शांतता' आणि 'शिट्टी' म्हणताना वाक्य मध्येमध्ये वाजलं आणि दोघंही हसत सुटली.

मग काकूंनी ती रंगीत टाचणी काकांच्या नाकासमोर धरली. "आणि माप हे दिलंत? अहो, आपल्या वेळच्या टाचण्यांचं डोकं केवढं असायचं? तिळापेक्षा लहान! एवढे टेलर तुम्ही, आणि बायकोचं माप चुकलात!"

काका टाचणीकडे बघतच राहिले. खिसे शिवले गेले त्याचंही त्यांना वाटलं नव्हतं, एवढं हे लागलं.

काकूंनी कपाटातून लग्नानंतर शिवलेली जुनी पिनकुशन काढली. तिचा रंग उडाला होता, भुसा बाहेर येत होता. तिच्या पार पोटातून त्यांनी नखाने एक गंजकी टाचणी बाहेर ओढली, पदराने पुसली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "एवढीच," त्या म्हणाल्या. "या वेळी मी सांगतेय."

फोटोच्या दिवशी स्टुडिओत सगळी मंडळी नटूनथटून उभी राहिली. सुनेने काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती घाबरली. "आई, कवळी बदलली गेली! आज ती सरळवाली घालायची होती ना? मी धावत जाऊन घेऊन येते."

"बदलली नाही गं. ठरवून घातलीय."

"अहो, पण फोटोत फट दिसेल!"

"दिसू दे की. माझीच आहे. आणि या वेळी तर मी मापानं करून घेतलीय."

फोटोग्राफरने मान कॅमेऱ्यामागे घातली. "सगळ्यांनी हसा. आजी, तुम्ही पण. जरा मोकळं हसा."

काकूंचा हात सवयीने वर निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यावर थांबवला आणि शांतपणे खाली आणला. मग त्यांनी ओठ किंचित पुढे केले आणि शिट्टी वाजवली. तुटक नाही, लांबलचक, घड्या घालतानाची. त्या बंद खोलीत ती फार सुरेख घुमली. काकांचा पाय आपोआप हलायला लागला. मुलाने चमकून आईकडे पाहिलं, सून खुदकन हसली, आणि फोटोग्राफरच्या बोटाने दचकून बटण दाबलं.

तो फोटो आता दुकानात, मशीनच्या बरोबर वर लावलाय. मुलाची मान वळलेली आहे, सुनेचे डोळे मिटलेले आहेत. सगळे जरा जरा हललेत. एकट्या काकू तेवढ्या स्वच्छ आल्यात, हात खाली, चेहरा उघडा, दातांतली बारीक फट दिसते आहे. आणि त्यांच्या शेजारी टेलरकाका हसू आवरत नाही म्हणून तोंडावर हात धरून उभे आहेत.

डॉक्टर परवा पँट न्यायला आले. आधी दोन्ही खिशांत कोपरापर्यंत हात घालून पाहिले आणि मग फोटोकडे बघत उभे राहिले.

"काका, ती माझी पहिली कवळी काय केलीत हो? ती सरळ, देखणी?"

"आहे की. कपाटात जपून ठेवलीय. पाहुणे आले की ही आवर्जून बाहेर काढते."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "घालतात ना मग?"

"छे हो. दाखवते! डॉक्टरांनी किती सुंदर केलीय ते सगळ्यांना सांगते, आणि परत डबीत ठेवून देते."

डॉक्टर काही बोलणार होते, पण पडद्यामागे भाजी चिरायला सुरुवात झाली. काकांनी एक कॉलर पुढ्यात ओढली आणि त्यांचा पाय चालू लागला.