उदमांजराच्या घरातला सिंह

एका जंगलात, मुलांनो, सिंह नव्हता.

हे नीट ध्यानात ठेवा, नंतर विचारणार आहे. ते जंगल होतं एका बेटावर. चारी बाजूंना समुद्र. तिथे हत्ती होते, बिबटे होते, अस्वलं होती, मोर तर पायलीचे पन्नास. सिंह मात्र एकही नव्हता. कधीच नव्हता. आणि नेमक्या याच कारणामुळे त्या बेटावरची सगळी चांगली घराणी सिंहाच्या नात्यातली होती. खरा सिंह असता तर त्यानं एखाद्याला तरी ओळख दाखवली नसती.

आपला कोर्नेलिस अप्पुहामी चांगल्या घराण्यातला नव्हता. तो नुसता श्रीमंत होता.

कोर्नेलिस म्हणजे एक उदमांजर. मांजराएवढं अंग, लांब शेपटी, टोकदार तोंड. ही जात माडावर चढते आणि माडाला बांधलेल्या मडक्यातली माडी पिते. आता उदमांजराचं नाव कोर्नेलिस कसं, असं तुम्ही विचाराल. विचारा की. वंशावळीचीच तर गोष्ट आहे.

समुद्रातून पहिले पांढरे बगळे आले, ते दालचिनीच्या वासावर. आल्या आल्या त्यांनी किनाऱ्यावरच्या जनावरांच्या डोक्यांवर पाणी शिंपडलं आणि प्रत्येकाला एकेक नाव दिलं. कोर्नेलिसचा आजोबा त्या दिवशी केळी वाटताहेत असं ऐकून रांगेत उभा राहिला होता. केळी मिळाली नाहीत. पेद्रू हे नाव मिळालं.

मग दुसरे बगळे आले. त्यांनी पहिल्यांना हाकलून दिलं. या दुसऱ्यांना लिहायची भारी हौस. कुणाचं बीळ कुठे, कुणाचे माड किती, कुणाचा बाप कोण, सगळं त्यांनी एका जाड वहीत उतरवून ठेवलं. त्या वहीत आजोबांविषयी एवढंच होतं: ‘पेद्रू, उदमांजर. माड नाही, बीळ नाही. माडीची चोरी, तीन वेळा. शेपटीवर वीस छड्या.’

पेद्रूचा मुलगा बापापेक्षा हुशार निघाला. चोरलेली माडी तो पीत नसे, विकत असे. आणि तिसरे बगळे आले तेव्हा त्याच्या मुलानं, म्हणजे आपल्या कोर्नेलिसनं, अख्ख्या जंगलातल्या माडीचा ठेकाच घेतला. आता त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणी मडक्याला तोंड लावलं की ती चोरी. घराणं वर येतं ते असं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण लोकुबंडार बिबट्याच्या मुलीचं लग्न निघालं.

त्या जंगलात कुणी कशावर बसायचं हे जन्मावर ठरे. बिबट्यांना पाठ टेकायची खुर्ची. हरणांना बिनपाठीचं स्टूल. सशांना चटई. कोर्नेलिसनं लग्नाला माडीची बारा पिंपं पाठवली होती. नवी लुंगी नेसून, कोट घालून तो मांडवात आला, तेव्हा वाढपी माकडं एकमेकांकडे बघायला लागली. खुर्ची द्यावी तर बिबटे रागावतील. चटई द्यावी तर पिंपं परत जातील. शेवटी एक माकड आत गेलं आणि वर बसून नारळ खवायची लाकडी खवणी घेऊन आलं. पातं काढून ठेवलं होतं. तेवढा मान राखला.

“बसा, अप्पुहामी, बसा,” लोकुबंडार खुर्चीतून म्हणाला. “आपलंच घर समजा.”

कोर्नेलिस बसला. काय करणार? सगळ्यांच्या गुडघ्यांएवढ्या उंचीवरून त्यानं लग्न पाहिलं. कुणी हसलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

घरी आल्यावर त्याची बायको मिसिलिना म्हणाली, “अहो, कशावर बसवलं होतं तुम्हाला?”

“होता एक पाट.”

“खवणी असणार. लुंगीला मागं खोबरं लागलंय तुमच्या.”

कोर्नेलिस त्या दिवशी जेवला नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती. पाठ टेकायची खुर्ची. बाकी सगळं त्याच्याकडे होतं, म्हणून ही एक गोष्ट नसणं त्याला फार लागलं.

खुर्चीचा एक रस्ता होता. दर वर्षी तिसऱ्या बगळ्यांचा लाटसाहेब दरबार भरवून एकाला मुदलियार, म्हणजे सरकारी मानकरी, करत असे. मुदलियाराला एक बिनधारेची तलवार मिळे, दरबारात खुर्ची मिळे आणि शेंडीत खोवायला एक मोठा कंगवा मिळे. हा कंगवा म्हणजे त्या बेटावरची सगळ्यात मानाची वस्तू. तो कासवाच्या पाठीचा करत. कासवांना हे आवडत नसे, पण कासवांना कुणी विचारलं नव्हतं.

मुदलियार व्हायला घराणं लागे. घराण्याला कागद लागे. आणि कागदासाठी सगळे जात किनाऱ्यावरच्या कासवगुरुजींकडे.

गुरुजींचं वय दोनशेच्या पुढे. बेटावर कोण कधी जन्मलं, कुणी कुणाचं काय पळवलं, सगळं त्यांना तोंडपाठ. म्हणूनच वंशावळी लिहायला त्यांच्यासारखा कुणी नव्हता. खरं काय ते ठाऊक असल्याशिवाय ते चुकवून लिहिता येत नाही.

“या अप्पुहामी,” गुरुजी म्हणाले. “बसा वाळूत. इथे सगळे वाळूतच बसतात.”

कोर्नेलिसला ते बरं वाटलं. त्यानं काय हवं ते सांगितलं.

“हं. काय लिहू? सिंहाच्या आचाऱ्याची जागा रिकामी आहे. सिंहाचा पुरोहित परवाच एका घोरपडीला दिला. छत्री धरणारा चालेल?”

“लोकुबंडारचं घराणं कोण आहे?”

“सेनापती.”

“मग मला सिंहच लिहा.”

गुरुजींनी मान आत घेतली. बऱ्याच वेळानं बाहेर काढली.

“ऐका माझं. दोनशे वर्षं हा धंदा करतोय. खुद्द सिंह मी कुणालाच लिहिला नाही. डोंगरातल्या राजाला लिहिला होता एकदा. तो अस्वल होता, पण मुकुट होता डोक्यावर, खपून गेलं. तुम्ही सेनापतीवर थांबा. फार तर मोठा सेनापती करतो.”

“गुरुजी, तुम्ही खवणीवर बसला आहात कधी?”

“मला बसताच येत नाही, बाबा.”

“मग लिहा सिंह.”

गुरुजींनी ताडपत्र घेतलं, लोखंडी लेखणी घेतली आणि लिहायला लागले. सिंहाचा मुलगा, त्याचा मुलगा, मग डोंगरातल्या राजाची सख्खी आत्या, तिचा मुलगा पेद्रू, जो वैराग्य आल्यामुळे माडाच्या शेंड्यावर तप करत असे. कोर्नेलिसनं ते वाचलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आजोबांना आपण ओळखलंच नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

“तुम्हाला काय देऊ, गुरुजी?”

“देऊ नका काही. एकच करा. मुदलियार झालात की तुमचा कंगवा शिंगाचा करून घ्या. हरणाच्या पडलेल्या शिंगाचा. लोकुबंडारचा कंगवा म्हणजे माझा धाकटा भाऊ आहे.”

“शब्द दिला,” कोर्नेलिस म्हणाला. आणि मुलांनो, तेव्हा त्यानं तो खरोखरच दिला होता.

राहता राहिली ती जाड वही. ती कचेरीतल्या कारकून कावळ्याच्या ताब्यात होती. कोर्नेलिसनं कावळ्याकडे दोन पिंपं पाठवली. दुसऱ्याच दिवशी वहीला वाळवी लागली. वाळवी इतकी नेमकी की तिनं एकच पान खाल्लं.

दरबाराचा दिवस आला. लाटसाहेब एका पायावर उभा होता. लोकुबंडार खुर्चीत होता. कावळ्यानं ताडपत्र वाचून दाखवलं. सिंहाचं नाव येताच बिबट्यांच्या मिशा थरथरल्या. कोर्नेलिस सगळं त्यांच्याकडे बघत ऐकत होता. आयुष्यात त्याला इतकं सुख कधी मिळालं नव्हतं.

लाटसाहेबानं दुसरा पाय खाली टेकला.

“म्हणजे डोंगरातला तो राजा तुमचा नातलग?”

“होय सरकार. माझ्या आजोबांचा मामेभाऊ.”

“त्याला मूलबाळ नव्हतं. तुमच्याहून जवळचा कुणी आहे?”

कोर्नेलिसनं लोकुबंडारकडे एकवार पाहिलं.

“कुणी नाही सरकार. सगळ्यात जवळचा मीच.”

“उत्तम,” लाटसाहेब म्हणाला. “राजाला आम्ही जहाजात घालून समुद्रापार पाठवला. त्याच्या गादीवर हक्क सांगणारा जो सापडेल त्याचा माडबाग जप्त करून त्यालाही पाठवायचा, असा हुकूम आहे. दहा वर्षं शोधतोय, एक सापडेना. तुमच्यासारखा स्वतःहून कागद घेऊन कुणी आला नव्हता. जहाज शुक्रवारी सुटतं.”

बिबट्यांच्या घराण्यानं सेनापतीवरच का समाधान मानलं होतं, हे कोर्नेलिसला आत्ता कळलं.

“सरकार, मी उदमांजर आहे. बघा की माझ्याकडे.”

“राजाही अस्वल होता.”

“माझा आजोबा चोर होता, सरकार. माडी चोरायचा. वीस छड्या खाल्ल्या त्यानं. वहीत आहे.”

कावळ्यानं वही आणली. पान नव्हतं. कावळा कोर्नेलिसकडे बघून खांदे उडवून मोकळा झाला.

तेव्हा मिसिलिना पुढे आली. “सरकार, मी सांगते. यांचा आजोबा चोर, बाप त्याच्याहून मोठा चोर आणि हे तर तुम्ही बघताच आहात. माझ्या माहेरी या लग्नाला सगळे नको म्हणत होते.” लोकुबंडारही उठून उभा राहिला आणि म्हणाला की अप्पुहामी खानदानी हलकट आहेत, हे आपण शपथेवर सांगायला तयार आहोत. आजवर बिबट्यानं उदमांजराविषयी इतकं चांगलं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

“तोंडी नको,” लाटसाहेब म्हणाला. “आमच्याकडे कागद आहे. ज्यानं लिहिला त्यानं खोटा म्हटलं तरच तो खोटा.”

कोर्नेलिस धावत किनाऱ्यावर गेला. नवा कोट वाटेत काटेरी झुडपात अडकून फाटला. गुरुजींपुढे त्यानं वाळूत लोळण घेतली.

“गुरुजी, तुम्ही सांगितलं नाहीत तर मी गेलो. बायकापोरं उघड्यावर येतील.”

गुरुजींनी समुद्राकडे पाहिलं. पाण्यात शिरायला त्यांना दहा पावलं होती. शिरले असते तर पुढची शंभर वर्षं कुणाला सापडले नसते.

“मीच लिहिलं ना ते,” ते म्हणाले. “चला. पण मी हळू चालतो, बरं का.”

गुरुजी गुरुवारी संध्याकाळी दरबारात पोचले. त्यांनी सगळं खरं सांगितलं. वीस छड्या, माडाचा शेंडा, केळ्यांची रांगसुद्धा. लाटसाहेबानं ताडपत्र कोर्नेलिसच्या अंगावर फेकलं. मिसिलिनानं ते उचलून, मोडू न देता कमरेला खोवलं.

“राहू दे,” ती हळूच म्हणाली. “नातवंडांना लागेल.”

मग लाटसाहेब कोर्नेलिसकडे वळला. “आजोबा चोर. जरूर पडली तर राजाचा वारस होतोस, जरूर पडली तर चोराचा नातू होतोस. आम्हाला असाच मुदलियार हवा होता. या म्हाताऱ्यानं मात्र सरकारदरबारी खोटा कागद दिला. त्याला ठेवून घ्या. कंगव्याचं कामही होईल.”

गुरुजींनी कोर्नेलिसकडे पाहिलं.

कोर्नेलिसला शिंगाचा कंगवा आठवला. दिलेला शब्द आठवला. तो अगदीच वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यानं बोलण्यासाठी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात मागून खुर्ची आली.

पाठ टेकायची. वेताची. कोर्नेलिसनं तोंड मिटलं आणि तो बसला.

महिन्याभरानं लोकुबंडारच्या दुसऱ्या मुलीचं लग्न झालं. कोर्नेलिस मुदलियार पहिल्या रांगेत बसले होते. शेंडीत नवा कंगवा होता, मोठा, मधाच्या रंगाचा. सगळ्यांनी वाखाणला. फक्त मुदलियारांनी खुर्चीला पाठ टेकली की कंगवा खुर्चीवर कचकन आपटे, म्हणून ते जन्मभर ताठच बसले. लोक म्हणत, रक्तातच आहे.

पुढे तिसरे बगळेही उडून गेले. राजा गेला, लाटसाहेब गेला, जहाज गेलं. आता भीती कुणाची? नातवंडांनी पेटीतून ताडपत्र काढलं, छापून घेतलं, कातडी बांधणी केली. सिंह पहिल्या पानावर आहे. पेद्रूचं तपही आहे. शेवटी एक ओळ नवी घातली आहे: ‘कुळाच्या गौरवार्थ वृद्ध कासवगुरुजींनी आपले कवच स्वखुशीने अर्पण केले.’

आता सांगा मुलांनो, त्या जंगलात सिंह किती होते? एकही नाही? चूक. पुस्तकातल्या पिढ्या मोजा. चौदा होते.

तात्पर्य: मुलांनो, खोटं कधी स्वतः लिहू नये. ते नेहमी एखाद्या सज्जनाकडून लिहून घ्यावं. सज्जन वेळेला खरं बोलतो, आणि नंतर त्याच्या पाठीचा कंगवाही चांगला होतो.