पंखा थांबेपर्यंत

आमच्या गावच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर बंद झाला की कोणी जागचं हलायचं नाही. भिंतीवरचं चित्र गेलं, कार्यक्रम संपला, तरी हलायचं नाही. दिवा लावायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही, चपला शोधायच्या नाहीत. मशीनच्या आतला पंखा घुं घुं करत असतो. तो थांबेपर्यंत सगळ्यांनी अंधारात बसून राहायचं. हा जनूभाऊंचा नियम. कोणी अर्धवट उठलं की अंधारातून आवाज येतो, "बस खाली! पंखा थांबू दे! धक्का लागला तर आतला दिवा जाईल. तुझा बाप आननार का दुसरा?"

एकदा साखरेच्या आजारावर बोलायला एक डॉक्टर आले होते. बोलून झालं आणि त्यांनी नमस्काराला हात जोडले, तेवढ्यात जनूभाऊ ओरडले, "हलू नका!" ते बिचारे पंखा थांबेपर्यंत तसेच हात जोडून उभे राहिले. शहरातला शिकलेला माणूस, पण हात खाली घ्यायची छाती झाली नाही.

मला जनूभाऊंचा राग आहे. अकरा वर्षं मी हा हॉल झाडते, म्हणजे रागही अकरा वर्षांचा आहे. तोंडावर मला बोलता येत नाही, जीभ टाळूला चिकटते. म्हणून वहीत लिहिते. चौथीपर्यंत शिकले, एवढ्याला ते पुरतं.

जनूभाऊ वीजमंडळात लाइनमन होते. निवृत्त झाले, पण टेस्टर खिशातून गेला नाही. दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला टेस्टर. एकदा हजेरीच्या वहीत सही करायला त्यांनी तोच काढला आणि सही उमटेना म्हणून वहीवरच चिडले. कोणाकडे चहाला गेले तरी आधी बोर्ड बघणार. "अर्थिंग आहे काय? नाय? मग मी बाहेर पितो." आणि खरंच ओट्यावर बसून पिणार.

गावातल्या एका घराने वडिलांच्या नावाने हॉलला प्रोजेक्टर दिला आणि समितीने तो जनूभाऊंच्या ताब्यात दिला, तेव्हापासून आमची सुटका नाही. टेबल डुगडुगता कामा नये. वायर जमिनीला पट्टीने चिकटवलेली पाहिजे, नाहीतर माणूस अडकून पडेल आणि माणसापेक्षा मशीन वाईट पडेल. मशीनच्या दोन्ही बाजूंना जाळ्या आहेत, तिथून ते हवा घेतं. त्या जाळ्यांपासून दोन हात लांब राहायचं. मशीनवर चहाचा कप ठेवायचा नाही, आमंत्रणपत्रिका ठेवायची नाही, रुमालसुद्धा नाही. आणि उजेडाच्या आड कोणी यायचं नाही. अध्यक्षांच्या मेहुणीने एकदा काचेत डोकावून पाहिलं, तर तिला म्हणाले, "बघ, बघ. डोळे गेल्यावर नवऱ्याचं तोंड बघायचा त्रास वाचंल." ती पुन्हा हॉलवर आली नाही.

दर शनिवारी ते मशीनची जाळी काढून साफ करतात. त्यासाठी स्वतःचा दाढीचा ब्रश दिला आहे. तेव्हापासून स्वतःच्या गालाला साबण बोटाने फासतात. मी केर काढायला गेले की ओरडतात, "सुमनबाय, धूळ उडवू नको! पानी मारून झाड!" अकरा वर्षं झाडू धरलेल्या बाईला हे झाडायला शिकवणार.

घरी एकटेच असतात. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचा फोटो म्हणाल तर जुन्या रेशनकार्डावरचा एवढाच. एका शनिवारी मी वेळेआधी हॉलवर गेले, तर खिडक्या बंद आणि भिंतभर कोणाचा तरी एक डोळा आणि अर्धं नाक, सगळं ठिपक्याठिपक्यांचं. मला बघून त्यांनी काचेवर झाकण टाकलं. "टेस्टिंग चाललंय. तुझं काय काम आता?" मी झाडू घेऊन परत फिरले. मला वाटलं, बरं झालं, यांनाही एकदा काहीतरी नीट दिसलं नाही.

आता खरा राग सांगते. माझी मुलगी चिमी. तिचं लग्न ठरलं, फुलपाड्याचं स्थळ. तिचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. टेम्पो चालवायचे, कळंबपासून बाजारापर्यंत भाजी पोचवायचे. त्यांचा हलता-बोलता असा एकच व्हिडिओ आहे, तीन मिनिटांचा, माझ्या पुतण्याच्या हळदीतला. त्यात ते नाचतात, मग थांबतात, समोर बघतात आणि म्हणतात, "हे तर काहीच नाय. चिमीच्या हळदीत बघा मग!"

मोबाईलवर आम्ही तो पाहून पाहून झिजवला होता. पण मोबाईलवर माणूस बोटाएवढा. चिमी म्हणाली, "आई, हळदीला मला पप्पांच्या पाया पडायचं आहे. भिंतीवर उभे दिसले तर पडता येईल." सगळ्या लग्नात तिने तेवढंच मागितलं. मी धीर करून जनूभाऊंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "नवरा किती उंच होता तुझा?"

हे विचारायचं असतं का बाईला? मला फुटात सांगता येईना. म्हटलं, दाराच्या वरच्या कडीला डोकं लागायचं. दुसऱ्या दिवशी हा माणूस टेप घेऊन दारात हजर. उंबऱ्यापासून कडीपर्यंत मापलं, आकडा तळहातावर लिहिला, चहासुद्धा न पिता गेला. शेजारणी बघत होत्या. "काय गं, दार बदलतेस?" मला इतकं लागलं की त्या दिवशी मी जेवले नाही.

हळद हॉलवरच होती, संध्याकाळी. जनूभाऊंनी पांढरा पडदा पार जमिनीपर्यंत सोडला होता. टेबल मागेपुढे करून, पाय जिथे टेकले तिथे जमिनीवर खडूने चौकोन काढले. बायका हळदीचं ताट घेऊन जवळून गेल्या की खेकसत होते, "हळद लांब! जाळीत जाईल!" पाहुण्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्यात हळदीला नवरीचा मामा नवरीच्या बापाला शाल घालतो. माझा भाऊ शाल घेऊन आला, पण खांदा कुठे होता घालायला? शाल ताटात तशीच पडून राहिली. नणंद म्हणाली, "आज बापाच्या अंगावर शाल पडली नाही तर मांडव अपुरा राहील गं." मला कसंसंच झालं.

आधी अर्धा तास फोटो दाखवून झाले, मग व्हिडिओ लागला. जनूभाऊ आवाजाची वायर बघायला स्पीकरकडे गेले. पडद्यावर हे नाचायला लागले. सगळ्यांचं लक्ष तिकडे. मी मागे, मशीनजवळ उभी होते. मनात आलं, आज ते या पेटीतून आले आहेत, यातूनच आम्हाला भेटताहेत. मी शाल उलगडली आणि मशीनवर घातली. दोन्ही बाजूंनी नीट सारखी केली, खांद्यावर करतात तशी.

चिमी पाटावरून उठली, पडद्याकडे निघाली. हे नाचता नाचता थांबले. आता बोलणार, तोच पडदा काळा.

जनूभाऊ धावत आले. शाल ओढली, मशीनला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "कोनी घातलं ह्ये? कोनाची अक्कल? मांडव पेटला असता! कोनी घातलं?" साऱ्या हॉलभर बघत होते. माझा भाऊ माझ्याकडे बघत होता. माझी जीभ टाळूला चिकटली.

चिमी म्हणाली, "काका, एकच मिनिट राहिलंय. लावा ना."

"नाय. अर्धा तास हात लावायचा नाय."

"काका, मुलाकडची माणसं येतील आता. पाया पडते पप्पांच्या आणि बंद करा."

"एका मिनटात आग लागते. पंखा थांबू दे."

पंखा थांबला. मुलाकडची हळद आली, वाजंत्री आलं, जेवणं झाली. अर्ध्या तासाने मशीन लावलं, तर दिवा लागेना. दुसऱ्या दिवशी चिमी सासरी गेली. बापाच्या पाया न पडता गेली. चूक माझी होती, हे मला कळत होतं. तरी राग त्यांचाच आला. ओरडायला ज्याला इतकं येतं, त्याला एक मिनिट मशीन चालवायला येऊ नये? आणि शालही काखेत मारून घेऊन गेले. माझ्या भावाची शाल!

त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. मी चहा देत होते. अध्यक्षांनी विचारलं, "मशीन बिघडलं कसं, भाऊ? कोणी कापड घातलं होतं म्हणतात."

जनूभाऊ म्हणाले, "कापडाचं काय नाय. जाळी तुंबली होती. मी साफ केली नव्हती."

माझ्या हातातला ट्रे हलला. दर शनिवारी दाढीचा ब्रश घेऊन बसणारा माणूस! मीच बघते की. बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्यावरच खेकसून घेतलं, "चहा सांडतेस काय? वायर आहे खाली!" दुरुस्ती त्यांनी करून आणायची आणि महिना संपला की किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, असं ठरलं. ते हो म्हणाले. एवढंच नाही, अध्यक्षांच्या खुर्चीखालची वायरही चिकटवून गेले.

घरी येऊन मी भांडी आपटली. कोणी सांगितलं होतं यांना माझी चूक अंगावर घ्यायला? ओरडले ते सगळ्यांसमोर, आणि वाचवलं ते मला न विचारता. यापेक्षा माझं नाव घेतलं असतं तर मी एकदा रडून मोकळी झाले असते. आता रस्त्यात दिसले की मीच मान खाली घालायची.

नंतरच्या रविवारी चिमी आणि जावई मांडवपरतणीला आले. जेवून जावई जरा आडवे झाले. तेवढ्यात जनूभाऊ दारात. आत आले नाहीत. "सुमनबाय, मशीन दुरुस्त झालं. पोरीला घेऊन हॉलवर ये. महिना संपेपर्यंत किल्ली माझ्याकडं आहे." आणि चालायला लागले.

हॉलच्या खिडक्यांना त्यांनी गोणपाटं लावली होती. पडदा जमिनीपर्यंत सोडलेला. टेबल खडूच्या त्याच चौकोनांत. ते चौकोन दोन आठवडे मी पुसले नव्हते. का नाही पुसले, मला विचारू नका. टेबलापासून दोन हात लांब एक खुर्ची होती आणि खुर्चीवर शाल. इस्त्री केलेली, घडी घातलेली.

"खुर्चीला घाल," जनूभाऊ म्हणाले. "मशीनला नको. मशीनला खांदे नसतात."

मी शाल खुर्चीच्या पाठीला घातली. एका बाजूला जास्त आली. त्यांनी पुढे होऊन सारखी केली आणि मशीनकडे वळले. काच फिरवत, कोणालाच न सांगितल्यासारखं बोलले, "जास्त मोठं केलं की माणूस राहत नाय. मी बघितलंय करून. जेवढं होतं तेवढंच पायजे."

व्हिडिओ लागला. चिमीचे वडील हॉलच्या लादीवर पाय टेकून उभे होते. खरंच टेकून. डोकं बरोबर आमच्या दाराच्या कडीएवढं. नाचले, थांबले, आमच्याकडे पाहिलं. "हे तर काहीच नाय. चिमीच्या हळदीत बघा मग!"

चिमी पुढे गेली, गुडघ्यावर बसली आणि पडद्याच्या तळाशी डोकं टेकलं. उजेडाच्या आड आली ती. तिची काळी सावली वडिलांच्या पायांवर पडली. मी जनूभाऊंकडे पाहिलं, आता ओरडतील म्हणून. ते टेस्टर हातात घट्ट धरून उभे होते. ओरडले नाहीत.

मग चित्र संपलं आणि त्यांनी मशीन बंद केलं. काळोख झाला. पंखा घुं घुं करत राहिला. चिमी येऊन माझ्याजवळ बसली आणि आम्ही दोघी रडलो, आवाज न करता. पंख्याच्या आवाजात थोडा झाला असेल.

हळूहळू पंखा मंदावला आणि थांबला. अकरा वर्षं मी त्या हॉलमध्ये आहे, मला कळतं कधी थांबतो ते. मी पदराने तोंड पुसायला घेतलं. एवढ्यात दिवा लागेल, आम्ही रडलेल्या दिसू, असं वाटलं. पण कोणी बटणाकडे गेलं नाही. टेबलापलीकडे कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"भाऊ," मी म्हणाले, "थांबला पंखा."

"नाय थांबला!" अंधारातून जनूभाऊ ओरडले. "बस खाली!"

आम्ही बसून राहिलो.