अण्णांचा पाट आणि माझा व्हिसा

टांझानियाला जिराफ बघायला मी व्हिसा न काढता गेलो.

विसरलो असतो तर निदान वयावर ढकलता आलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. मी हट्टाने, चांगला महिनाभर वाद घालून, व्हिसा काढला नाही. वाद घातला तो माझे थोरले साडू दामूअण्णा यांच्याशी, आणि गेलो तोही त्यांच्याच बरोबर. तेव्हा आधी दामूअण्णा सांगतो. माझी फजिती कुठे पळून जात नाही.

दामूअण्णा फोन करण्याआधी फोन करतात.

"शेठ, मी जरा वेळानं फोन करणार हाय. जागेवर असशील ना?"

आता बोलताच आहात तर सांगून टाका, असं म्हणून बघितलं. "आता नाय. आता नुसतं कळवलं," म्हणतात आणि ठेवून देतात. मग चहा पिऊन दुसरा फोन. त्यात एवढंच असतं, की रविवारी येतो. रविवारी रोह्याहून गाडीत बसले की निडीहून फोन, नागोठण्याहून फोन, कासूहून फोन. "कासू आलं. पुढचं पेण." माझा जन्म पेणचा. कासूनंतर पेण येतं ही बातमी मला आजवर कोणी इतक्या वेळा आणि इतक्या गंभीरपणे दिलेली नाही. मी वैतागून बायकोकडे बघतो. नली म्हणते, "भावोजी निदान कळवतात तरी. तुम्ही जेवायला येणार की नाही ते ताट वाढल्यावर समजतं."

अण्णा अष्टमीला राहतात, म्हणजे रोह्याहून पूल ओलांडला की. एका केमिकल कंपनीत शिफ्टा करून रिटायर झाले. सुशीलाताई, म्हणजे नलीची मोठी बहीण, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. माणूस एकदम टापटीप, कॉलरचं बटण लावलेला. "आधी कळवलेलं बरं" हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हणतात, की मला ते झोपेत ऐकू येतं.

कळवण्याच्या पुढची पायरी म्हणजे जाऊन बघून येणं. नागोठण्याला लग्न होतं, तर अण्णा आदल्या दिवशीच हॉलवर हजर. आचाऱ्याशी गप्पा मारल्या, पाण्याचं पिंप कुठे ते बघितलं आणि परत आले. लग्नाच्या दिवशी आचाऱ्याने गर्दीतून हाक मारली, "काय काका, कालचेच ना तुम्ही?" अण्णांचा चेहरा असा फुलला, की नवरदेव त्यांच्यापुढे आजारी दिसत होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तर आदल्या दिवशी जाऊन खाटेवर आडवे होऊन आले. नर्सला वाटलं, ऑपरेशन झालेलं आहे. तिने चहा आणि दोन बिस्किटं दिली. ती अण्णांनी खाल्लीसुद्धा.

आता माझा धंदा सांगायला हवा, कारण माझी लाज त्यातच आहे. पेणला माझा गणपतीचा कारखाना आहे. आमच्याकडे ज्याला मूर्ती हवी, तो आपल्या घरचा पाट आधी आणून देतो. पाटाच्या खालच्या अंगाला खडूने नाव. पाट आला म्हणजे गिऱ्हाईक ठरलं, त्याचा गणपती ठरला. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घामाघूम होऊन काही महाभाग येतात. "शेठ, एखादा असेल तर द्या ना." त्यांना मी ठरलेला प्रश्न विचारतो, "पाट दिलेलात? नाही? मग बसा त्या बाकड्यावर." बाकड्यावर बसलेली ती तोंडं बघून मला जे समाधान मिळतं, ते मूर्ती विकून मिळत नाही. देव माफ करो.

अण्णांचा पाट सगळ्यांत पहिला येतो. शिमग्याचे रंग अंगावरून गेलेले नसतात आणि हा माणूस पाट काखेत मारून दारात उभा. कासूहून फोन करूनच. नंतर दर महिन्याला मूर्ती कुठवर आली ते बघायला फेरी. डोळ्यांची आखणी व्हायच्या आधी, नुसत्या पांढऱ्या मूर्तीसमोर उभे राहून विचारतात, "काय देवा, ओळखलंस का? अष्टमीचा पाटील." कारखान्यातली पोरं तोंड फिरवून हसतात. मी म्हणतो, अण्णा, अजून डोळे नाहीत त्याला. म्हणतात, "कान हायत ना?"

तर सफारी. अण्णांना जिराफ बघायचा होता. सिंहबिंह नाही, जिराफच. कारण विचारलं तर म्हणाले, "टीव्हीत पुरा मावत नाय रे. मान दिसली तर पाय नाय, पाय दिसले तर मान नाय." एवढ्या कारणासाठी कोणी समुद्र ओलांडला असेल असं मला वाटत नाही. पण फंडाचे पैसे होते, खाणारं कोणी नव्हतं. नलीला म्हणाले, तू आणि शेठ चला, एकट्याने उंच बघून काय करायचं. आम्ही निघालो.

पनवेलच्या एका प्रवासवाल्याने तिकिटं आणि जीप ठरवून दिली. व्हिसाचं त्याने दोन्ही सांगितलं, इथून आधी काँप्युटरवर काढा, नाहीतर तिथे उतरल्यावर विमानतळावर मिळतो. त्यातलं "नाहीतर" मी पकडलं आणि सोडलं नाही.

अण्णांनी आपला आणि नलीचा आधी काढला. मंजुरीचा कागद आला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. मग त्या कागदाचं लॅमिनेशन केलं. एक प्रत पिशवीत, एक खिशात, एक नलीकडे, आणि एक घरी देवामागे. मला रोज फोन. म्हणजे आधी फोनचा फोन आणि मग फोन. "शेठ, तुझा फोटो दे. भरून टाकतो." मी म्हटलं, अण्णा, तिथे उतरायचं, शिक्का मारून घ्यायचा, चालायला लागायचं. जगात माणसं अशीच फिरतात. ते म्हणाले, "आपण जायच्या आधी आपलं नाव तिथं पोचायला पायजे." मी म्हटलं, माझं नाव पोचून करणार काय, मीच पोचतोय ना? एवढं बोलून मी नलीकडे विजयी नजरेने पाहिलं. ती भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

दरम्यान अण्णांनी तिकडच्या जीपच्या ड्रायव्हरचा नंबर मिळवला. त्याचं नाव जोसेफ. त्याला रोज सकाळी मोबाइलवर गुड मॉर्निंगचं फूल जायचं. मंगळवारी गणपती. वर आवाजी निरोप, कंपनीतल्या इंग्रजीत, "जोसेफ, हिअर ऑल ओके. देअर जिराफ ओके?" आणि तो बिचारा उत्तर द्यायचा, "जिराफ ओके, अण्णा." हा खेळ महिनाभर चालला. मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

किलिमांजारोच्या विमानतळावर दोन रांगा होत्या. आधी व्हिसा काढलेल्यांची वेगळी. अण्णा आणि नली तिच्यातून पार झाले, लॅमिनेशनवाला कागद अधिकाऱ्याने उलटसुलट करून बघितला, हसला, शिक्का मारला. काचेपलीकडून नलीने मला हात दाखवला. तो टाटा होता की दुसरं काही, ते मी विचारलेलं नाही.

माझी रांग मारुतीच्या शेपटासारखी होती. शेवटी खिडकीशी पोचलो. साहेब सभ्य होता, त्याचं काही चुकलं नाही. त्याने विचारलं, उतरणार कुठे? मला माहीत नव्हतं. हॉटेलचं नाव अण्णांना माहीत. परतीचं तिकीट? अण्णांच्या पिशवीत. नेणार कोण? जोसेफ. कोण जोसेफ? आडनाव? मी म्हटलं, जिराफवाला. फोन लावा म्हणाला. माझ्या फोनमध्ये तिकडचं सिम नव्हतं. तेही मी उतरल्यावर घेणार होतो. मग त्याने विचारलं, धंदा काय करता? घाबरलेल्या माणसाचं इंग्रजी सगळ्यात आधी पळतं. मी म्हणालो, "आय मेक गॉड."

साहेबाने पेन खाली ठेवलं. शेजारच्याला बोलावलं. दोघांनी मला नीट पाहून घेतलं. मग भिंतीशी ठेवलेल्या एका बाकड्याकडे बोट दाखवलं.

मी बाकड्यावर बसलो. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळची सगळी घामाघूम तोंडं मला एक एक करून आठवली.

खरी काळजी माझी नव्हती. संध्याकाळी जंगलाचं फाटक बंद होतं. त्याआधी पोचलो नाही, तर पहिला दिवस गेला. आणि पहिल्याच दिवशी, उन्हं उतरताना, पाणवठ्याशी जिराफ येतात, असं जोसेफने कळवलेलं होतं. अण्णा महिनाभर तेवढ्याच एका संध्याकाळबद्दल बोलत होते. काचेपलीकडे जोसेफ उभा दिसला. सगळ्या ड्रायव्हरांच्या हातात नावाच्या पाट्या, त्याच्या हातात नाही. त्याने अण्णांना लांबूनच ओळखलं, "अण्णा!" म्हणून मिठी मारली. आणि अण्णांचा चेहरा नागोठण्याच्या हॉलमध्ये फुलला होता तसाच फुलला. मग जोसेफने घड्याळ दाखवलं. मी काचेतून हातवारे केले, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून. नली बघत होती. अण्णांनी मान हलवली. नाही. आणि ते परतीचं तिकीट काचेला लावून उभे राहिले, पोलिसाने दोनदा सरकवलं तरी.

उन्हं उतरली. फाटक बंद व्हायची वेळ झाली असणार. त्यानंतर कधीतरी जोसेफ एक कागद घेऊन आत आला. हॉटेलातून मागवलेला, कारण साहेबाला हॉटेलचं लेखी हवं होतं. त्यावर पाहुण्यांची नावं होती, तीन. तिसरं नाव माझं, वडिलांच्या नावासकट. साहेबाने ते माझ्या पासपोर्टशी ताडून पाहिलं, बाकीचे सोपस्कार केले आणि शिक्का मारला. वर म्हणाला, "करिबू." त्यांच्याकडे त्याचा अर्थ, या.

बाहेर आल्यावर मी अण्णांना म्हटलं, माझं नाव कधी दिलंत तुम्ही?

"तू वाद घालत होतास तेव्हाच. जोसेफला बोललो, एक साडू हाय, तो सांगून येणाऱ्यातला नाय. पण येणार हाय. हॉटेलात नाव लावून ठेव."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला कशाला? तुला ठाऊक होतंच की, तू येणार हायस." पिशवीचा बंद आवळत ते म्हणाले, "पाट काय देव ठेवायला आधी देतो व्हय रे आम्ही? तिकडं कोणाला तरी ठाऊक असतं, अमका येणार हाय. म्हणून."

बुडालेल्या संध्याकाळबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

जिराफ दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. जीपच्या उघड्या टपातून अण्णा बराच वेळ वर बघत राहिले, पाय ते मान, मान ते पाय. मग बटणाला हात लावून, ते नीट आहे याची खात्री करून, हळूच म्हणाले, "मीच तो. अष्टमीचा." जिराफ पाला खात होता. नलीने डोळे पुसले, म्हणाली धूळ आहे.

परत आल्यावर मुंबईहून गाडी केली होती. आधी पेण लागतं, पण नली म्हणाली, भावोजींना सोडून मग घरी जाऊ. अष्टमीला पोचलो. मी बॅग घेऊन अण्णांच्या मागे गेलो. दाराला कुलूप, बाहेरून, आम्ही जाताना होतं तसंच. अण्णांनी खिशातून किल्ली काढली. पण लावायच्या आधी उजव्या हाताने कडी वाजवली, दोनदा. थोडं थांबले. मग कुलूप काढलं.

मी म्हटलं, "अण्णा, आत कोण आहे?"

"कोण नाय," ते म्हणाले. "तिला न कळवता आलेलं चालायचं नाय. सवय."

आणि पंखा लावायला आत गेले.

मी गाडीत येऊन बसलो. नागोठण्याला नलीने वडा पुढे केला, तो मी परत दिला. नलीने विचारलं, पोट बिघडलंय का?

पुढे पंधरवड्याने मी एकटाच रोह्याला निघालो. आजवर मी अण्णांकडे कधी कळवून गेलेलो नव्हतो, उगवायचो. त्या दिवशी आधी फोन केला की जरा वेळाने फोन करतो. मग फोन केला की येतोय. कासूहून केला. नागोठण्याहून केला. निडीहून केला तेव्हा पलीकडे नुसता "हां" ऐकू आला आणि मागे स्टेशनावरची घोषणा.

रोह्याला उतरलो. अण्णा फलाटावर उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, बटण लावून. मला चांगलं भरून आलं, काहीतरी बोलणार होतो. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले,

"पेणवरनं येताना एवढे फोन. आणि आफ्रिकेला जाताना काय तोंड शिवलं होतं तुझं?"