सरदार हैबतराव मोहोळकर यांच्या तीनशे घोड्यांचे वर्तमान

॥ श्रीमार्तंड वळणावळणास सांभाळो ॥ शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यात जे अघटित वर्तले ते ऐसे. राज्यात हौशी शर्यतवीर बहुत. एरवी कोणी पाण्याचे पंप विकावे, कोणी लोकांचे दात उपटावे, आणि वर्षातून एक दिवस आपापली मोटार घेऊन डांबरी रिंगणात पराक्रम गाजवावा, ऐसी चाल. त्यांत पंपवाले सरदार हैबतराव मोहोळकर अग्रणी. बारा वर्षे विजयाचा जरीपटका त्यांचे घरी, आणि त्या पटक्यावाचून आपणास राज्यात कुत्रे विचारीत नाही, हे रावसाहेब मनोमन जाणत होते. म्हणोन जीव त्यात गुंतला. पहिली शर्यत ज्या टायरांवर जिंकिली ते शकुनाचे मानोन कधी बदलिले नाहीत; वर्षभर शेल्याखाली झाकावे, दसऱ्यास हळदकुंकू वाहावे, आणि शर्यतीपुरते चढवावे. नक्षी नव्यासारखी खोल, सबब शंका घेणार कोण?

मग त्या साली वार्ता आली की दंतवैद्य सुमित्राबाई टेंभे लहानशी मोटार घेऊन उतरणार, इंजिनात बळ अवघे सत्तर घोड्यांचे. रावसाहेब पोट धरोन हासले, आणि तरीही धास्ती नको म्हणोन आपले इंजिन दीडशे घोड्यांवरून तीनशेवर नेले. तेव्हा मिस्त्री अंतोबा हात जोडोन म्हणाले, "सरकार, घोडं वाढवलं, पण पायाखाली काय हाय ते बघा की. टायर नवं घाला." रावसाहेब कडाडले, "अंतोबा! देव्हाऱ्यातले देव बदलतात काय?"

निशाण पडले आणि रावसाहेब सरळ रस्त्यास ऐसे सुटले की प्रजेच्या टोप्या उडाल्या. मग वळण आले. ब्रेक दाबिला तो मोटार आवरेना, गती दिली तो मागील चाके जागीच फिरो लागली, धूर दाटला, आणि बाई आतल्या अंगाने निघोन गेल्या. सरळात रावसाहेबांनी गाठावे आणि वळणात बाईंनी हातावर तुरी द्याव्या, ऐसे नऊ फेरे जाहले. दहाव्या फेऱ्यास शेवटल्या वळणी रावसाहेबांनी संतापोन तीनशेही घोडे एकदम सोडिले, आणि मोटार गरगरा फिरोन, उलटे तोंड करोन गवतात बसली. डोळ्यांदेखत सत्तर घोडे जिंकोन गेले. हे जाहले तरी काय, तेच रावसाहेबांस कळेना.

बाई धावत आल्या. "रावसाहेब, लागलं नाही ना?"

"बाई, मोटारीत चेटूक काय भरलंत ते सांगा!"

"चेटूक कसलं? माझ्या टायरात नख रुतवून बघा. मग तुमच्या."

बाईंच्या टायरात नख रुतले, आणि आपल्यात रुतवू गेले तो नख मोडले. बारा वर्षांत रबराचा पाषाण जाहला होता. "मोटार केवढीही असो," बाई बोलिल्या, "जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढीच. बसा शेजारी, एक फेरा दाखवते."

रावसाहेब बसले. वळण आले, त्यांनी सवयीने पाय आपटिला, परंतु बाई वेग उतरवीनात, तेव्हा "बाई, मेलो!" ऐसी आरोळी सरदारांनी ठोकिली, आणि पाल भिंतीस धरते तैसी मोटार रस्त्यास धरोन सुखरूप बाहेर निघाली. रावसाहेब खाली उतरले. त्यांनी जरीपटका आपले हाते बाईंस दिला, आणि मग अंतोबांचा खांदा धरोन म्हणाले, "अंतोबा, बारा वर्षं आपण शर्यत हरलो नाही, आणि वळण म्हणून एकदाही घेतलं नाही हो!" डोळ्यांस पाणी आले, ते पुसलेही नाही.

येणेप्रमाणे पटका मोहोळकरांचे घरातून गेला. दुसरे साली रावसाहेब नव्या टायरांवर उतरले, प्रत्येक वळण बाईंच्या मागोमाग घेतले, आणि चौथे आले. आणि त्या दिवशी प्रथमच लोक पटका नसता त्यांस मुजरा करावयास उभे राहिले. इति.