मापात बेतलेलं काचघर

मास्तरांनी उभा जन्म माणसांची मापं घेण्यात घालवला. सुटलेलं पोट झाकणारा कोट, पडलेला खांदा वर दाखवणारा कोट. त्यांच्या दुकानातून बाहेर पडलेला माणूस घरच्यांना ओळखू यायचा नाही. तेव्हा "भिंत म्हणजे काय, न हलणारं गिऱ्हाईक!" असं ते म्हणाले, त्यात फुशारकी होती, पण अगदीच खोटं काही नव्हतं.

भिंत त्यांच्याच घराची, मागची, दिवसभर ऊन खाणारी. तिला टेकवून एक काचघर उभं करायचं ठरलं होतं. एका बाजूला घराची भिंत, बाकी सगळी काच, वर उतरतं छप्पर. आणि हा सगळा थाट कुणासाठी? तर कुंडीतल्या एका लिंबाच्या झाडासाठी.

हे झाड मास्तरांच्या बायकोने बीपासून वाढवलेलं. त्यांना सगळे वहिनी म्हणतात, आपणही म्हणू. झाडाची खोड अशी की ते ऐन थंडीच्या तोंडावर कळ्या धरायचं. बाहेर ठेवावं तर गारठ्याने करपायचं, म्हणून घरात आणावं, तर अंधारात रुसून एकूण एक कळी टाकून द्यायचं. वहिनी गळलेल्या कळ्या एका वाटीत गोळा करायच्या आणि ती वाटी शिलाई मशीनवर ठेवायच्या. ती पाहिली की मास्तरांना वाटायचं, वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटावी असा या बाईचा हात, आणि तिला स्वतःच्या झाडाचं एक लिंबू मिळू नये? यंदा लिंबू धरलंच पाहिजे, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं.

दुकानात तयार काचघरं ओळीने मांडलेली होती. लहान, मध्यम, मोठं. दुकानदार म्हणाला, "मध्यम घेऊन जा मास्तर. सगळ्यांना बसतं."

आपण कुणापुढे काय बोलतोय, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

"सगळ्यांना बसतं ते कुणालाच नीट बसत नाही," मास्तर म्हणाले. "मी रेडीमेड घेऊ? लोक काय म्हणतील?"

मग त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिला. "पोत बरा आहे, पण धुतल्यावर पिवळा पडेल." शेवटी अॅल्युमिनियमची चौकट आणि खरी काच असं ठरलं, आणि काम गेलं मापाप्रमाणे बनवून देणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे.

आता माप. शिवणाऱ्यांची एक रीत असते. अंगाच्या मापापेक्षा कापड थोडं जास्त सोडायचं, शिवणीत दाबायला. त्याला ते लोक माया म्हणतात. या जोडप्याची वर्षानुवर्षांची वाटणी अशी की मास्तर नुसतं अंगाचं माप सांगणार आणि माया वहिनी धरणार. पण त्या दिवशी मास्तरांना वाटलं, बायको आनंदात आहे, विसरेल. म्हणून त्यांनी माया धरूनच आकडा सांगितला. वहिनी कसल्या विसरतायत! त्यांनी नेहमीप्रमाणे वरून आपली माया धरली. फॅब्रिकेशनवाल्याला मापाचा कागद देताना मास्तरांना शंका आली की नवीन माल आहे, आटला तर? त्यांनी आणखी थोडं वाढवलं. आणि गिऱ्हाइकं नेहमी कमीच माप आणतात, असा फॅब्रिकेशनवाल्याचा अनुभव. त्यानेही हात सैल सोडला.

फक्त दाराच्या बाबतीत मास्तर कडक राहिले. "दार एकदम फिटिंगला पाहिजे. ऊब बाहेर जाता कामा नये." त्याचं माप त्यांनी स्वतःच्या खांद्यांवरून दिलं. आणि मास्तर म्हणजे कसे, तर बाजूला वळून उभे राहिले की दिसतच नाहीत.

चौकट आली त्याच दिवशी हवा फिरली. रात्री कडाक्याची थंडी पडणार, असं बातम्यांत सांगत होते. झाड अंगणात कळ्यांनी भरून उभं होतं.

दोघा माणसांनी चौकट भिंतीला लावली. एक टोक कोपऱ्यातल्या पाइपापाशी नेमकं बसलं. दुसरं टोक त्याच भिंतीतल्या स्वयंपाकघराच्या दाराअलीकडे संपायला हवं होतं. ते दारावरून गेलं आणि चांगलं पलीकडे जाऊन थांबलं.

"मास्तर, भिंत आखडली वाटतं," फॅब्रिकेशनवाला म्हणाला.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कोट सैल झाला तर उसवता येतो, आत घेता येतो. काच कशी आत घ्यायची?

"परत नेऊन कापून आणतो. पण आज काही जमायचं नाही."

"अहो, पण थंडी आज आहे," मास्तर म्हणाले आणि अपराधी चेहऱ्याने झाडाकडे बघू लागले.

मास्तरांच्या आई खिडकीतून सगळं बघत होत्या. "म्हणजे आता भांडी घासायला मी काचेतून जाऊ? दुकानातल्या बाहुलीसारखी?"

वहिनी मात्र चौकटीवरून नजर फिरवत होत्या, डोळे बारीक करून. कापड कमी असलं की त्या असंच बघतात, आणि मग त्यातूनच बाही निघते. सगळं बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दार आत राहू दे. लावा असंच."

लावलं. भोकं पाडली, बोल्ट आवळले, काचा बसवल्या, भिंतीच्या फटीत सिलिकॉन भरलं. दिवस कलला तेव्हा काचघर मावळतीच्या उन्हात असं झळकत होतं की मास्तर स्वतःची चूक साफ विसरून गेले.

मग झाड आणलं. फॅब्रिकेशनवाला आणि त्याचा माणूस कुंडी उचलून काचघराच्या दारापाशी आले आणि तिथेच थांबले. दार मास्तरांच्या खांद्यांना फिटिंगला होतं. झाडाचे खांदे मास्तरांच्या दुप्पट.

तिरकं करून पाहिलं. मागून ढकलून पाहिलं. दोन कळ्या टपकन खाली पडल्या आणि वहिनींनी त्या झटकन वाकून ओंजळीत घेतल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या दाराने घरात आणा. दर थंडीत येतंच की ते. तसंच स्वयंपाकघरातून इकडे घ्या."

आणि खरोखर, स्वयंपाकघराचं दार आता काचघरातच तर उघडत होतं! झाड घर ओलांडून आपल्या जागेवर जाऊन बसलं. मास्तर बायकोकडे बघतच राहिले. एवढी वर्षं संसार केला, पण ही बाई किती पुढचं बघते याचं माप काही त्यांना घेता आलं नव्हतं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "पुरे. दार लावा, गार वारा येतोय."

रात्रभर मास्तरांना झोप नाही. पहाटे कुठे डोळा लागला तो ऊन वर आल्यावर उघडला, आणि ते धावतच काचघरात गेले. रात्रीत झाडाची एकही कळी गळलेली नव्हती. उलट दोन उमलली होती आणि सगळीकडे वास सुटला होता.

पण बघणारे ते पहिले नव्हते. आई आरामखुर्ची टाकून शाल बाजूला ठेवून बसल्या होत्या. "खोली छान काढलीस हो," त्या म्हणाल्या. वहिनींनी आपली मशीनही तिथेच आणली होती, आणि त्या कुंडीजवळ वाकून बारीक ब्रशने एकेका फुलाला हळूच स्पर्श करत होत्या. काचेत मधमाशी कुठून येणार, म्हणून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मास्तरांना सगळ्या खटाटोपाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. आता कौतुकाचे दोन शब्द कानावर पडतील, म्हणून ते छाती पुढे काढून उभे राहिले.

वहिनींनी मान वर केली. "अहो," त्या म्हणाल्या, "जरा बाहेर उभे राहता का? तुमची सावली पडतेय झाडावर."